तीनच फाटे कशासाठी?

गेल्या वर्षी एका शाळेच्या विज्ञान मंडळात 'काळ आणि अवकाश' या विषयावर बोलण्यासाठी मला बोलावले होते. मुले आठवी-नववीची होती. बोलण्याच्या ओघात क्वांटम यामिकीतील अनेकविश्व मीमांसेचा उल्लेख निघाला. मुलांना ओळखीचे उदाहरण द्यावे म्हणून मी 'द लेजंड ऑफ झेल्डा' या जपानी व्हिडिओ गेमच्या मालिकेचे नाव घेतले. माझा मुलगा हे खेळ खेळतो. त्याच्याकडून कानावर पडलेल्या माहितीच्या भरवशावर मी सांगून टाकले, की या मालिकेत एका प्रसंगानंतर काळाला तीन फाटे फुटतात, प्रत्येक फाट्यावर वेगळे जग घडते, आणि अनेकविश्व मीमांसा म्हणजे जवळजवळ हेच.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, पण तीनच का? तिसरा फाटा म्हणजे लिंक हरतो तो. माझा लिंक तर एका दुपारी वीस वेळा मरतो. मग तेवढे फाटे नाही का फुटणार?"

वर्ग हसला. त्यांच्या बाईंनी "गेमचं नंतर बघू" म्हणून तिला खाली बसवले. मीही हसले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. खरे कारण असे, की माझ्याजवळ उत्तर नव्हते. परतताना ते मनाला लागून राहिले. उदाहरण मी दिले होते. ते तपासून पाहण्याचे काम मात्र तिने केले होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाला शेजारी बसवून मी या मालिकेतील काही खेळ पाहिले, काही अडखळत खेळलेही. कथांचे टिपण काढले आणि फाट्यांचा तक्ता मांडला. हा लेख म्हणजे त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे. आपल्यापैकी अनेकांच्या वर्गात असा प्रश्न केव्हातरी येणार, म्हणून तो सर्वांसाठी लिहिते आहे.

मालिकेची ओळख

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडी ओळख आवश्यक आहे. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी निन्टेंडो कंपनीसाठी तयार केलेला पहिला खेळ १९८६ साली जपानमध्ये आला. कथा हायरूल नावाच्या काल्पनिक राज्यात घडते. झेल्डा ही तिथली राजकन्या. नायकाचे नाव लिंक. मालिकेच्या नावामुळे पुष्कळांचा येथे गोंधळ होतो. खलनायक गॅनन किंवा गॅनॉनडॉर्फ. या सर्वांच्या मध्यभागी 'ट्रायफोर्स' नावाचे तीन सोनेरी त्रिकोण आहेत. ते सामर्थ्य, शहाणपण आणि धैर्य यांची प्रतीके असून, त्यांना हात लावणाऱ्याची इच्छा पुरी होते. हे त्रिकोण हायरूलमध्ये ठेवलेले नाहीत. त्यांच्यासाठी एक वेगळी पवित्र भूमी आहे आणि तिचे दार कुलूपबंद आहे.

पुढच्या खेळांत लिंक आणि झेल्डा ही नावे तीच राहतात, पण माणसे बहुधा वेगळी, वेगळ्या पिढ्यांतील असतात. त्यामुळे कोणती कथा आधीची आणि कोणती नंतरची, हा वाद खेळणाऱ्यांमध्ये बरीच वर्षे चालू होता. मालिकेला २५ वर्षे झाली त्या निमित्ताने डिसेंबर २०११ मध्ये जपानमध्ये 'हायरूल हिस्टोरिया' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यात निर्मात्यांच्या वतीने अधिकृत कालरेषा छापली गेली. त्या कालरेषेला १९९८ सालच्या 'ऑकरिना ऑफ टाइम' या खेळापाशी तीन फाटे फुटलेले दाखवले आहेत.

शेजार आणि फाटा

माझ्या भाषणातील पहिली चूक येथेच होती. 'समांतर विश्व' आणि 'फुटलेली कालरेषा' हे शब्द मी एकाच अर्थाने वापरले. मालिकेत दोन्ही आहेत आणि दोन्ही अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

समांतर विश्व हा शेजार आहे. दोन घरे एकाच वेळी उभी आहेत, मध्ये भिंत आहे आणि भिंतीत कोठेतरी दार आहे. १९९१ सालच्या 'अ लिंक टू द पास्ट' या खेळात हे फार चांगले दाखवले आहे. तेथे पवित्र भूमी गॅननच्या हाती पडून तिचे अंधारे जग बनलेले असते. त्या जगाचा नकाशा हायरूलच्या नकाशाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. डोंगराच्या जागी डोंगर, गावाच्या जागी गाव. तेथे जाणाऱ्याचे रूप त्याच्या अंतःकरणाप्रमाणे पालटते. आपला नायक प्रथम तेथे पोचतो तेव्हा चक्क गुलाबी ससा होतो! हायरूलकडे परतण्यासाठी त्याच्याजवळ एक जादूचा आरसा असतो. या दोन जगांत कार्यकारणसंबंधही आहे. दलदलीतील एका महालात पाणी नसल्यामुळे वाट अडते. इकडच्या जगात त्याच जागी असलेल्या बंधाऱ्याचे पाणी सोडले, की तिकडच्या महालात पाणी भरते.

फाटा ही वेगळी गोष्ट आहे. हमरस्त्यावरून निघालेली एस.टी. एका ठिकाणी येते आणि रस्ता दोन गावांकडे फुटतो. फाट्यापर्यंतचा रस्ता दोन्हींचा सामाईक असतो. फाट्यानंतर मात्र एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर जायला दार नसते. शेजाऱ्यांचा भूतकाळ वेगवेगळा असू शकतो आणि वर्तमानात ते एकमेकांना भेटतात. फाट्यांचा भूतकाळ एकच असतो आणि वर्तमानात ते कधीच भेटत नाहीत. मुलांना हा फरक फळ्यावर दोन आकृत्या काढून दोन मिनिटांत सांगता येतो. मी तो सांगितला नव्हता.

एकाच खेळात काळाचे दोन नियम

आता मूळ फाट्याकडे वळू. 'ऑकरिना ऑफ टाइम'मध्ये छोटा लिंक काळाच्या मंदिरातील तलवार उपसतो. त्यामुळे पवित्र भूमीचे दार उघडते आणि त्याच्या मागोमाग गॅनॉनडॉर्फ आत शिरतो. लिंक सात वर्षे झोपून राहतो व मोठा होऊन उठतो, तो राज्य उद्ध्वस्त झालेले. यानंतर तो ती तलवार परत चौथऱ्यात खोचून बालपणात जाऊ शकतो आणि उपसून पुन्हा मोठेपणी येऊ शकतो.

या येण्याजाण्यात काळ एकच राहतो. बालपणी पेरलेल्या जादूच्या बीचे मोठेपणी झाड झालेले दिसते. पवनचक्कीचा प्रसंग तर वर्गात जरूर सांगावा असा आहे. मोठ्या लिंकला पवनचक्कीत एक चिडलेला वादक भेटतो. सात वर्षांपूर्वी एका पोराने ऑकरिनावर एक सूर वाजवून चक्की भरमसाट फिरवली, असे सांगून तो तोच सूर लिंकला शिकवतो. लिंक बालपणात जातो आणि त्या चक्कीत तोच सूर वाजवतो. म्हणजे तो पोरगा लिंकच! लिंक वादकाकडून शिकला आणि वादक लिंककडून. मग सूर रचला कोणी? कोणीच नाही. यात विसंगती नाही, पण माहिती शून्यातून आलेली आहे.

भौतिकशास्त्रात या कल्पनेशी मिळताजुळता विचार झालेला आहे. आइनस्टाइनच्या व्यापक सापेक्षतेच्या समीकरणांना भूतकाळात परत नेणारे मार्ग सामावून घेणारी उत्तरे सापडतात. कुर्ट गोडेल याने १९४९ साली असे एक उत्तर दाखवून दिले. रशियन शास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांचे म्हणणे असे, की असे मार्ग असलेच तर त्यांवर फक्त स्वतःशी सुसंगत घटनाच घडू शकतील. भूतकाळात जाऊन तुम्ही जे कराल ते आधीच घडून गेलेले असेल. स्टीफन हॉकिंग यांनी तर १९९२ साली असा अंदाज मांडला, की निसर्गाचे नियम असे मार्ग तयारच होऊ देत नाहीत. पवनचक्की नोविकोव्ह यांच्या बाजूची आहे.

खेळाच्या शेवटी मात्र नियम बदलतो. गॅननचा पराभव झाल्यावर झेल्डा ऑकरिना वाजवून लिंकला त्याच्या हरवलेल्या बालपणात परत पाठवते. या वेळी तो परत गेल्यावर पुढची सात वर्षे वेगळी घडतात. इकडे मोठ्या लिंकने मुक्त केलेले जग नायकाशिवाय पुढे चालू राहते. तिकडे छोट्या लिंकचे जग संकट येण्याआधीच सावध होते. हा फाटा आहे. भूतकाळात गेलेला प्रवासी आपल्या मूळ जगात न पोचता दुसऱ्याच जगात पोचतो, हा विचार डेव्हिड डॉइच यांनी १९९१ साली क्वांटम यामिकीच्या आधारे गंभीरपणे मांडला आहे.

नोविकोव्ह यांचा नियम घ्यावा किंवा डॉइच यांचा. दोन्ही आपापल्या जागी तर्काला धरून आहेत. तक्रार एवढीच, की एकाच खेळात, एकाच नायकासाठी दोन्ही वापरले आहेत आणि बदल का झाला हे सांगितलेले नाही. आधीचा प्रवास तलवारीने होता, शेवटचा ऑकरिनाने, असा बचाव माझ्या मुलाने केला. बचाव वाईट नाही, पण तो त्याने केला. खेळाने केलेला नाही.

फाटा फुटला की शेजाऱ्याचे काय होते?

मला सर्वांत रस वाटला तो या प्रश्नात. घराला लागून दुसरे घर आहे आणि आपल्या घराच्या काळाला फाटा फुटला. मग शेजारच्या घराच्याही दोन प्रती होतात काय?

क्वांटम यामिकीकडे हा प्रश्न नेला तर उत्तर विचार करण्याजोगे आहे. ह्यू एव्हरेट या तरुण शास्त्रज्ञाने १९५७ साली प्रिन्स्टन विद्यापीठात जॉन व्हीलर यांच्या मार्गदर्शनाखाली केलेल्या प्रबंधात अनेकविश्व मीमांसेचा पाया घातला. 'अनेकविश्व' हे नाव पुढे ब्राइस डिविट यांच्यामुळे १९७० च्या सुमारास रूढ झाले. या मीमांसेनुसार विश्व एखाद्या क्षणी कडाडकन दोन तुकड्यांत फुटते, असे समजणे बरोबर नाही. एका कणाच्या दोन शक्य अवस्था असतात. त्याचा दुसऱ्या कणाशी संबंध आला की दुसऱ्याच्याही त्याला अनुसरून दोन अवस्था होतात. मग तिसऱ्याच्या, मग उपकरणाच्या, मग ते पाहणाऱ्याच्या. दुभंग असा संपर्कातून पसरत जातो आणि प्रकाशाच्या वेगापेक्षा जलद पसरत नाही. ज्याचा संबंधच आलेला नाही, त्याच्यापर्यंत तो पोचलेला नसतो.

ही कसोटी लावली, की मालिकेतील एक गोष्ट फार सुरेख जुळते. पवित्र भूमीचे दार तलवारीमुळे उघडते. मोठ्या लिंकच्या फाट्यावर ते उघडले आहे. गॅनॉनडॉर्फ आत गेला आणि शेवटी तेथेच कोंडला गेला. छोट्या लिंकच्या फाट्यावर त्याला ते दार उघडूच दिले गेले नाही. तिसऱ्या फाट्यावर लिंक हरतो, गॅननला तिन्ही त्रिकोण मिळतात, आणि ऋषी शेवटचा उपाय म्हणून त्याला पवित्र भूमीसकट बंद करतात. तीच पुढे 'अ लिंक टू द पास्ट'मधील अंधारी भूमी होते. म्हणजे फाट्याआधी एक असलेल्या शेजाऱ्याची फाट्यानंतर तीन रूपे झाली आणि प्रत्येक रूप दाराशी काय घडले यावरून ठरले.

दुसरे उदाहरण संधिप्रकाशाच्या जगाचे. २००६ सालच्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मध्ये ते येते. फार पूर्वी ट्रायफोर्सच्या लोभाने जादू वापरणाऱ्या टोळीला त्या जगात हाकलून दिलेले असते. ही हकालपट्टी फाट्याच्या आधीची आहे. म्हणून ते जग तिन्ही फाट्यांच्या वाट्याला यायलाच हवे. पण छोट्या लिंकच्या फाट्यावर गॅनॉनडॉर्फला देहदंड देण्याचा प्रयत्न फसतो आणि ऋषी त्याला आरशातून त्याच जगात ढकलून देतात. त्यामुळे तेथील लोकांवर विनाकारण संकट कोसळते. इतर दोन फाट्यांवर गॅनॉनडॉर्फ त्या वाटेला जात नाही. तेथे ते लोक आपल्या अंधुक उजेडात सुखाने राहत असतील, असे अनुमान काढता येते. एका जगाने आपले संकट टाळण्यासाठी केलेली गोष्ट शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडली. कथेच्या शेवटी तिथली राजकन्या मिडना दोन जगांमधील आरसाच फोडून टाकते. खेळताना हा प्रसंग दुःखाचा वाटतो. तक्ता मांडल्यावर मला तो न्यायाचाही वाटला.

हिशेब जेथे चुकतो तेही सांगायला हवे. छोट्या लिंकच्या फाट्यावर पवित्र भूमीचे दार उघडलेले नाही, तर ट्रायफोर्स अखंड असायला हवे. पण परतलेल्या लिंकच्या हातावर धैर्याच्या त्रिकोणाची खूण तशीच दिसते आणि पुढे देहदंडाच्या वेळी गॅनॉनडॉर्फजवळ सामर्थ्याचा त्रिकोण निघतो. तो त्याच्याकडे कसा आला याचे उत्तर कथेत देवांची काहीतरी करणी असेच दिले आहे. दुसरीकडे, मोठ्या लिंकच्या फाट्यावर तो निघून गेल्यामुळे धैर्याच्या त्रिकोणाचे आठ तुकडे होऊन मागे राहतात. म्हणजे एक त्रिकोण प्रवाशाबरोबर गेलाही आणि मागे राहिलाही. प्रयोगशाळेत वस्तुमानाचा ताळेबंद असा निघाला असता, तर मी विद्यार्थ्याला तराजू पुन्हा तपासायला सांगितले असते.

त्या मुलीचे उत्तर

आता तिच्या प्रश्नाकडे येते. पहिल्या दोन फाट्यांना कारण आहे: कोणीतरी भूतकाळात गेले. तिसऱ्या फाट्याला तसे कारण नाही. कोणी कोठे गेलेले नाही. लढाईत नायक जिंकण्याऐवजी हरला, एवढेच. केवळ निकाल वेगळा लागू शकला असता म्हणून फाटा फुटत असेल, तर प्रत्येक लढाईला, प्रत्येक उडीला आणि तिच्या दुपारच्या वीस मरणांनाही फाटा फुटायला हवा. तिसरा फाटा मान्य केला तर तीन हा आकडा टिकत नाही. तीन हा आकडा टिकवायचा तर तिसऱ्या फाट्याला स्वतंत्र कारण द्यावे लागते, आणि ते दिलेले नाही.

गंमत अशी, की एव्हरेट यांच्या मीमांसेच्या सर्वांत जवळ जाणारा फाटा हाच आहे, कारण त्यांच्या मीमांसेत कालप्रवासी लागत नाही. पण तेथे फाटे मोजताही येत नाहीत. किरणोत्सारी अणूचे केंद्रक या क्षणी फुटले की पुढच्या, यांसारखे दुभंग सतत चालू असतात आणि 'एकूण किती' या प्रश्नाला नेमका अर्थ उरत नाही. शिवाय तलवारीचा वार लागला की हुकला, हा निकाल क्वांटम घटनेवर अवलंबून असतोच असे नाही. माझी दुसरी चूक ही होती. तीन फाट्यांची आकृती दाखवून "अनेकविश्व मीमांसा म्हणजे हेच" असे म्हणणे म्हणजे आगगाडीचे जंक्शन दाखवून नदीचा त्रिभुज प्रदेश समजावण्यासारखे झाले.

तिच्या प्रश्नाशी झुंजणारा एक खेळ या मालिकेत आहे: २००० सालचा 'मेजोराज मास्क'. तो छोट्या लिंकच्या फाट्यावरचा. लिंक टर्मिना नावाच्या शेजारच्या जगात जाऊन पडतो. तिथली माणसे चेहऱ्याने हायरूलच्या माणसांसारखीच असतात. तीन दिवसांनी चंद्र त्यांच्यावर कोसळणार असतो. ते टाळता आले नाही की लिंक ऑकरिना वाजवून पुन्हा पहिल्या दिवशी येतो. असे कितीतरी वेळा होते. मग मागे सोडलेल्या त्या तीन दिवसांचे काय? तेथे चंद्र कोसळलाच का? खेळ याबाबत गप्प आहे. सगळे पुसले जाते. मात्र गावच्या बँकेत ठेवलेले पैसे खात्यात तसेच शिल्लक राहतात! खेळणाऱ्याची सोय म्हणून हे समजण्यासारखे आहे, पण माणसे विसरली आणि बँक विसरली नाही, ही गोष्ट मुलांना हसवते आणि विचारही करायला लावते.

मग निर्मात्यांनी तिसरा फाटा काढला कशाला? तक्ता पाहिला की उत्तर उघड दिसते. १९९८ च्या कथेचे दोन शेवट दोन नव्या कथांनी घेतले. १९८६, १९८७ आणि १९९१ सालच्या जुन्या खेळांना जागा उरली नाही. त्यांना टांगण्यासाठी एक खुंटी हवी होती. ती २०११ च्या पुस्तकात ठोकली गेली. कथा आधी लिहिल्या गेल्या आणि कालरेषा नंतर आखली गेली. यात पाप काही नाही. पण मिळालेल्या निरीक्षणांना नंतर बसवलेला नियम आणि आधी मांडून नंतर तपासलेला नियम यांत फरक असतो, हे विज्ञानाच्या शिक्षकाने येथे दाखवून द्यायला हवे. २०१७ सालच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ला तर निर्मात्यांनी कोणत्याही एका फाट्यावर न बसवता सगळ्यांच्या शेवटी ठेवले आहे. हा प्रामाणिकपणा की अंग काढून घेणे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मागे राहिलेल्यांची कथा

एवढे दोष काढल्यावर असे वाटेल, की मला ही मालिका आवडली नाही. तसे नाही. २००२ सालचा 'द विंड वेकर' पाहून मी बराच वेळ गप्प बसले होते. ही मोठ्या लिंकच्या फाट्याची कथा. नायक बालपणात परत गेला. ज्यांना त्याने वाचवले होते त्यांचे जग त्याच्याविना राहिले. पुढे गॅनॉनडॉर्फ परत येतो. लोक नायकाची वाट पाहतात. तो येत नाही. तो येणार कोठून? तो दुसऱ्या फाट्यावर आहे. शेवटी देव सारे राज्य पाण्याखाली बुडवतात आणि डोंगरांच्या शिखरांची बेटे होतात. बेटावरच्या मुलांना विशिष्ट वयात नायकाचे हिरवे कपडे घालण्याची रीत उरते. राज्य कोणते, नायक कोण, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

कालप्रवासाच्या बहुतेक कथा प्रवाशाबरोबर जातात. ही कथा मागे राहिलेल्यांबरोबर थांबते. फाट्याची किंमत कोणी मोजली, हे ती सांगते. दुसऱ्या फाट्यावरही हिशेब आहे: 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मध्ये तलवारबाजी शिकवणारा एक सांगाड्याचा योद्धा भेटतो. तो त्याच जुन्या लिंकचा आत्मा असल्याचे 'हिस्टोरिया'त म्हटले आहे. त्याच्या जगात संकट आलेच नाही, म्हणून त्याचा पराक्रमही कोणाला कळला नाही.

मराठी वाचकाला येथे दिवंगत डॉ. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आठवेल. एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातही तिचे इंग्रजी रूप घेतले गेले. त्या कथेत १७६१ च्या लढाईत विश्वासरावांना लागलेली गोळी दुसऱ्या जगात चाटून जाते आणि हिंदुस्थानचा इतिहास बदलतो. फाटा एकच, त्याचे कारण एका गोळीएवढे नेमके, आणि परिणाम मुंबईच्या रस्त्यापर्यंत नेऊन दाखवलेले. गंगाधरपंत तिकडून बखरीचे एक पान बरोबर घेऊन येतात, म्हणजे दोन फाट्यांमध्ये दार नसते हा नियम नारळीकरांनीही एकदा मोडला आहे. पण त्यांनी एकच सवलत घेतली आणि तिच्याभोवतीच कथा उभी केली. उत्तम फाट्याची कसोटी मला हीच वाटते: कारण नेमके असावे, परिणाम शेवटपर्यंत न्यावेत आणि सवलत घेतलीच तर ती वाचकाला दिसू द्यावी. या कसोटीवर 'द विंड वेकर' उतरतो, 'ट्वायलाइट प्रिन्सेस' बराचसा उतरतो आणि तिसरा फाटा उतरत नाही.

वर्गासाठी

यासाठी खेळाचे यंत्र लागत नाही. कथा दहा मिनिटांत सांगता येते आणि ती माहीत असलेला एखादा विद्यार्थी वर्गात असतोच. त्यालाच सांगू द्यावी. मग फळ्यावर फाटा काढून तीन प्रश्न विचारावेत. फाटा कोठे फुटला आणि कशामुळे? फाट्याआधीच्या कोणत्या गोष्टी सर्व फाट्यांवर असायलाच हव्यात? फाटा फुटल्यावर इकडून तिकडे काय गेले आणि त्याचा हिशेब लागतो का?

पुढची पायरी म्हणून २०१३ सालच्या 'अ लिंक बिटवीन वर्ल्ड्स'चे उदाहरण द्यावे. त्यात लोरुल नावाचे शेजारचे जग आहे. तेथेही ट्रायफोर्स होते, पण त्यासाठी होणारी युद्धे थांबावीत म्हणून तिथल्या पूर्वजांनी ते नष्ट केले आणि त्यानंतर ते जग ढासळत गेले. हा खेळ तिसऱ्या फाट्यावरचा आहे. मग लोरुल इतर दोन फाट्यांच्या शेजारीही असेल काय? तेथे आजही ते ढासळतच असेल काय? 'होय' किंवा 'नाही' म्हणणाऱ्या प्रत्येकाने आपण काय गृहीत धरले ते आधी सांगावे, एवढी अट घालावी. गृहीत आणि निष्कर्ष वेगळे ठेवण्याचा याहून चांगला सराव मला तरी सुचत नाही.

त्या मुलीला मी शाळेच्या पत्त्यावर पत्र लिहिले. तुझा प्रश्न बरोबर होता, माझे उदाहरण अर्धे चूक होते, आणि तीन या आकड्याला कथेत आधार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले. शाळेने यंदा पुन्हा बोलावले आहे. या वेळी सुरुवातीलाच तिला फळ्याजवळ बोलावून तक्ता तिच्याच हातून काढून घ्यायचा आणि वर्गाला तो तपासायला सांगायचा, असे मी ठरवले आहे.